वरच्या गल्लीचा सिग्नल

...आणि वर मलाच विचारतात, 'मॅडम, इंजिनेर मागनं येणार हायत व्हय?' तुम्हाला सांगतो, पाठीवर ही एवढी बॅग, हातात मीटर, गळ्यात कंपनीचं कार्ड, बूट चिखलात रुतलेलं, आणि एवढं सगळं बघून त्या माणसाला काय वाटावं, तर मी इंजिनेरासाठी जागा धरायला पुढं आलोय. एसटीत रुमाल टाकत्यात तसं. आणि हां, मी 'आलोय' म्हणालो की पुण्याकडची माणसं दचकत्यात, म्हणून आधीच सांगून ठेवतो, मी बाईच हाय, नाव वर्षाराणी, गाव पेठ वडगाव, आणि आमच्याकडं बायकाबी 'आलो, गेलो, जेवलो'च म्हणत्यात. त्यात काय बिघडलेलं न्हाय. बिघडलेलं होतं ते दुसरीकडंच.

मी कोल्हापुरात एका कंपनीत ड्राइव्ह दुरुस्तीला असतो. ड्राइव्ह म्हणजे गाडी न्हवं. भिंतीवर टांगलेला एक डबा असतोय, तो मोटारीचा वेग कमी-जास्त करतोय. बास, एवढंच. पण लग्नाच्या पंगतीत मावशी विचारत्यात, 'काय करतीस गं?' मी म्हणतो, 'ड्राइव्ह बघतो,' तर म्हणत्यात, 'अगोबाई, ड्रायव्हर हाईस?' सोडा ते.

तर साहेब म्हणाले, 'मुरगूडच्या पुढं एक गाव हाय, नळपाण्याचा पंप सारखा बंद पडतोय, जाऊन ये, तासाभराचं काम हाय.' साहेब ज्याला तासाभराचं काम म्हणत्यात ना, त्याला मी जेवणाचा डबा आणि रात्रीच्या भाकरीची चौकशी दोन्ही करून निघतो. वाटेत फोन. पंप चालवणारा गुंडू.

'मॅडम, सिग्नल गेलाय वो.'

'माझा आवाज येतोय का?'

'येतोय की.'

'मग सिग्नल हाय की.'

'फोनचा न्हवं मॅडम, पंपाचा.'

आता हे त्याला कुणी शिकवलं? डब्याच्या पडद्यावर इंग्रजीत येतंय ना, अॅनालॉग इनपुट लॉस, म्हणजे बाहेरनं येणारा सिग्नल हरवला. ते त्यानं कुणाकडनं तरी वाचून घेतलं, आणि मग सगळ्या गावानं तेवढाच शब्द धरला. मी गावात शिरलो तर म्हातारी माणसं पारावरनं एकमेकाला सांगालीत, सिग्नल शोधाय बाई आलीया.

आता सिग्नल म्हणजे काय ते सांगतो, घाबरू नका, शाळेसारखं न्हाय सांगत. गावातल्या चौकात पाण्याच्या मोठ्या पाइपावर एक सेन्सर बसवलेला हाय. तो पाइपातला दाब मोजतोय आणि जमिनीत पुरलेल्या केबलीतनं पार पंपघरापर्यंत बारीकसा करंट पाठवतोय. वीस म्हणजे दाब पुष्कळ. चार म्हणजे दाबच न्हाय. शून्य ठेवलेलंच न्हाय. का? तर शून्य आलं की समजायचं, दाबबिब सोडा, वायरच तुटली. घरात नवऱ्याला हाक मारली तर तो पेपरातनं तोंड न काढता 'हूं' म्हणतोय का न्हाय? त्या 'हूं'ला काय अर्थ नसतोय, पण माणूस हाय एवढं कळतं. 'हूं' पण आलं न्हाय, तर बघाय जावं लागतं. ड्राइव्हचं तसंच. 'हूं' आलं न्हाय की तो पंप बंद करतोय. शहाणा डबा. त्या गावात तेवढाच शहाणा होता.

पंपघरात गेलो तर गुंडू दारातच. सडपातळ माणूस, दाढी वाढलेली, शर्टाचं बटण एकात एक न्हाय. मी म्हटलं, कधी बंद पडतोय? तर तो डोळ्यात पाणी आणून म्हणतोय, 'मॅडम, बायको गेली.'

मी म्हटलं, अरे देवा. कधी गेल्या?

'गुढीपाडव्याच्या पुढं. वरच्या गल्लीत.'

माझं काय, मी आपलं सिग्नल शोधाय गेलतो. पण असं कुणी म्हणालं की बॅग तशीच पाठीवर ठेवून ऐकावं लागतं. तर झालंय असं. गावात दोन गल्ल्या. खालची आणि वरची. खालच्या गल्लीला पाणी पहाटे सुटतंय, वरच्या गल्लीला दुपारी. पहाटे पंप कधी म्हणून बंद पडत न्हाय. दुपारी वरच्या गल्लीची पाळी आली, कॉक फिरवला, घागरी लागल्या, की ह्याचं चालू, सिग्नल गेला. परत लावला, परत गेला. आणि गुंडू राहतोय कुठं? खालच्या गल्लीत. झालं. वरच्या गल्लीनं ठरवून टाकलं की हाच मुद्दाम बंद करतोय. उद्याच्या ग्रामसभेत ह्याला कामावरनं काढायचा ठराव येणार.

बरं, बायको क्रांती माहेरची कुठली? वरच्या गल्लीतली. ती म्हणाली, 'माझ्या आईला वरनं खाली पाण्याला यावं लागतंय, आणि तुमी हितं बसून बटण दाबताय? पाणी वर चढल्याबिगर मी खाली येत न्हाय.' आणि गेली. गुंडू मला म्हणतोय, 'माहेर लांब असतं तर माणूस एसटीची वाट बघताना तरी इचार करतंय वो. हे माहेर आमच्या दारातनं दिसतंय. सासूची म्हस शेपूट हलवाली तरी मला दिसतीया.'

मी मीटर काढलं. दुसरं काय करणार? सांत्वनाची हत्यारं कंपनी देत न्हाय.

तवर रिकामी घागर कमरेवर घेऊन धोंडुबाई आली. ही सासू. तिच्या मागं वरच्या गल्लीतल्या बायका. घागर तिनं माझ्या बॅगेशेजारी आपटली आणि इतक्या गोड आवाजात बोलली की मला घाम फुटला.

'जावईबापू, मॅडमास्नी च्या पाजलासा का? पाजा पाजा. च्याला पाणी हाय न्हवं तुमच्या गल्लीत.'

गुंडू म्हणाला, 'मामी, मी काय केलेलं न्हाय वो.'

'मी कुठं म्हटलं तुमी केलंय? सिग्नलानं केलंय. लई हुशार हाय सिग्नल. गल्ली बघून जातोय.' मग माझ्याकडं वळली. 'इंजिनेर कवा येणार?'

तुम्हाला सांगतो, मी हसलोसुद्धा. आणि लागलो कामाला. आधी ड्राइव्ह तपासला. माझ्याकडं एक लहान डबी असते, ती खोटा सिग्नल देते. ती जोडली, चारपासनं वीसपर्यंत फिरवून बघितलं, ड्राइव्ह झकास. मग चौकात जाऊन सेन्सर बघितला, तोबी झकास. केबल बघितली, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत सरळ, कुठं तुटलेली न्हाय. पंप चालू केला, पाणी आलं, आकडा स्थिर. म्हणजे पोराला रात्रभर खोकला असतोय आणि डॉक्टरच्या समोर बसवलं की ते कसं गप होतंय, तसं. मी दारात उभी आणि पंप माझ्याकडं बघून गुणी बाळासारखा चाललाय.

धोंडुबाई म्हणाली, 'बघा. मॅडम हुब्या हायत तर चालतोय. जावई एकटे असले की सिग्नल जातोय.'

तंत्रज्ञान एका बाजूला आणि सासू एका बाजूला.

म्हणून कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथं एक मुलगा, आवाज अगदी इस्त्री केलेला. 'नमस्कार मॅडम, आपण ड्राइव्ह बंद करून पुन्हा चालू करून पाहिलात का?' मी म्हटलं, दादा, तो आपण होऊनच बंद होतोय, तीच तक्रार हाय. 'अच्छा. मग पुन्हा चालू करून पाहिलात का?' पाहिलं. 'मग आपली समस्या सुटलेली आहे असं मी नोंदवू का?' नोंदव बाबा. तुझी तरी सुटू दे.

एवढ्यात बुलेट आली. सम्राट. पांढरा शर्ट, काळा चष्मा, दोन्ही इतकं स्वच्छ की ह्याच्या घरी पाणी कुठनं येतंय असा प्रश्न पडावा. युवा नेता, वरच्या गल्लीचा, आणि क्रांतीचा चुलतभाऊ. गुंडूला काढायचा ठराव मांडणार होता तो हाच. चष्मा न काढता मला म्हणाला, 'मॅडम, एवढं कशाला उकरत बसलाय? ते एरर यायचं बंद करा की. माझ्या वळखीचा वायरमन हाय, तो म्हणतोय सेटिंगात जाऊन फक्त नको म्हणायचं.'

बरोबर हाय, तसं करता येतं. आणि घरात आगीचा भोंगा वाजला तर भोंगा काढूनबी ठेवता येतोय. मी समजावलं, दादा, सिग्नल गेल्यावर ड्राइव्हला दिसायचं बंद होतंय, त्याला वाटतंय पाइपात दाबच न्हाय, मग तो मोटार पळवत सुटतोय, आणि तुमची पाइप जुनी हाय, फुटणार. हातानं हळू चालवला तर फुटत न्हाय, पण मग पाणी चढ चढून वरच्या गल्लीत पोचत न्हाय.

गुंडू हळूच म्हणाला, 'गेल्या उन्हाळ्यात फुटलीया की पाइप. तवाबी कुणीतरी सेटिंगात नको म्हटलतं.'

कुणी म्हटलतं, असं मी विचारलं. तर सम्राटला एकदम फोन आला. वाजला न्हाय, नुसताच आला.

बसलो मग. दुपार झाली. वरच्या गल्लीची पाळी, गुंडूनं कॉक फिरवला, धोंडुबाई घागर लावायला वर गेली, बाकीच्या बायका दारात पहारा द्यायला थांबल्या. मी तारेला मीटर लावून बसलोय. आकडा बारा, बारा, बारा. आणि एकदम शून्य. पंप गप. बायकांनी एकदमच माझ्याकडं बघितलं, कारण गुंडू तर माझ्या शेजारी हात बांधून उभा. मी परत लावला. बारा... बारा... शून्य. आता मलाबी राग आला. हे म्हणजे कुणी कानात 'हूं' म्हणून पळून जालंय.

पंपघराच्या दाराला ऊन लागू नये म्हणून ताडपत्री लावलेली. ती फडफडली. आकडा गेला. ताडपत्री थांबली. आकडा आला. परत फडफडली, परत गेला. मी मीटरकडं बघतोय, ताडपत्रीकडं बघतोय, बायका माझ्याकडं बघालीत. एकजण दुसरीला म्हणाली, 'ऊन लागलंय बाईला.'

वारा. पहाटे वारा नसतोय आणि दुपारी माळावरनं सुटतोय. म्हणून खालच्या गल्लीच्या पाळीला काय होत न्हाय आणि वरच्या गल्लीच्या पाळीला सिग्नल जातोय. एवढं कळलं. पण केबल तर जमिनीत पुरलेली. जमिनीत कसला वारा?

गुंडूला मीटरपाशी बसवलं, म्हटलं, फोन चालू ठेवा, पंप बंद पडला तर लगेच लावा, आकडा काय दाखवतोय ते सांगत ऱ्हावा. आणि मी केबलीच्या रस्त्यानं चालत निघालो. माझ्या मागं बायका. त्यांच्या मागं पारावरची म्हातारी माणसं. त्यांच्या मागं एक कुत्रं. मी थांबलो की सगळी थांबत्यात, मी वाकलो की सगळी वाकत्यात. माझं काय, मी आपलं सिग्नल शोधाय गेलतो, आणि मागं मिरवणूक निघालीया. केबल आणि पाइप एकाच चरात, शेजारी शेजारी. कंत्राटदारानं पाइप जरा खोल घातलीया आणि केबल मात्र इतकी वर, की कोंबडीनं मनावर घेतलं तर तिलाबी सापडंल.

चौकात आलो. आणि बघितलं.

फ्लेक्स. हा एवढा. दुमजली घर झाकंल एवढा. सम्राटच्या वाढदिवसाचा. मधी सम्राट हात जोडून, वर साहेब लोक, खाली शुभेच्छुकांची तोंडं, तिकिटं चिकटवल्यासारखी. येताना त्याच्याच सावलीत मी गाडी लावलती, आणि मान वर करून बघितलं न्हवतं. दोन लोखंडी खांब जमिनीत ठोकलेलं. आणि वाऱ्यानं तो फ्लेक्स असा फुगालाय, की खांब मागं-पुढं, मागं-पुढं. डावा खांब बरोबर चरावर.

मी खांबाला हात लावला आणि हलवला. फोनवर गुंडू म्हणाला, 'गेला.'

सोडला. 'आला.'

हलवला. 'गेला... आला... गेला... मॅडम, काय करालाय तुमी? लई भारी करालाय.'

खांबानं केबलीची साल फाडून तार अर्धी तोडलेली. वारा पडला की टोकाला टोक लागतंय, वारा सुटला की सुटतंय. म्हणूनच मी तपासली तेव्हा केबल सरळ लागली. मी हे मोठ्यानं सांगालोय, खांब हलवून हलवून दाखवालोय, आणि बुलेट येऊन थांबली.

'मॅडम, माझा फ्लेक्स का हलवालाय?'

म्हटलं, दादा, तुमच्या गल्लीचं पाणी तुमच्याच वाढदिवसानं अडवलंय.

आता माणूस काय म्हणंल? चुकलं म्हणंल. न्हाय. सम्राट म्हणाला, 'एवढ्यात काढता येणार न्हाय. परवा साहेब ह्या रस्त्यानं जाणार हायत. त्यांनी बघितल्यावर काढू.' वाढदिवस होऊन किती दिवस झाले म्हणावं तर फ्लेक्सवरचे साहेब उन्हानं निळं पडाय लागलेलं.

बायका गप. म्हातारी माणसं गप. कारण शुभेच्छुकांत सगळ्यांच्याच घरातलं एकेक तोंड होतं.

तवर गर्दीतनं एक बाई पुढं आली, डोईवर पदर, कमरेवर घागर. मला विचारलं, 'मॅडम, म्हंजे आमचं मालक पंप बंद करत न्हवते?'

न्हाय, म्हटलं. ते बिचारे चालूच करत होते.

ती क्रांती. तिनं फ्लेक्सकडं बघितलं, मग चुलतभावाकडं. आवाज अजिबात चढवला न्हाय. 'सम्राट, तुझा वाढदिवस वर्षातनं एकदा असतोय. आम्हाला पाणी रोज लागतंय. काढ ते.'

'अगं अक्का, साहेब...'

'साहेबांच्या घरला पाणी हाय. माझ्या आईचं गुडघं गेलं घागरी वाहून. आणि तू माझ्या दारात येऊन सांगत हुतास, दाजी बटण दाबतोय म्हणून. काढ.'

आणि काढला की. क्रांतीनंच एका खांबाला हात घातला, मग बायका लागल्या, मग सम्राटनंबी शर्टाच्या बाह्या वर केल्या, पण त्याआधी एकाच्या हातात फोन दिला आणि म्हणाला, 'घे, श्रमदानाचा फोटू घे.' खांब निघाला, मी केबल उघडी केली, खराब तुकडा कापला, जोड मारला, वरनं जाड पाइपचं कवच घातलं, माती ओढली. वर दगड रंगवून ठेवलं आणि गुंडूला शपथ घालून सांगितलं, ह्या केबलीवर परत काय ठोकायचं न्हाय.

पंप लावला. वारा सुटला, ताडपत्री फडफडली, आकडा बारा. बारा. बारा. मी बसून बघतच राहिलो. तुम्हाला हसू येईल, पण तो आकडा स्थिर राहिला की मला असं बरं वाटतं ना, की घरात कुणीतरी जेवायला वाढलंय.

क्रांती पंपघराच्या दारात येऊन उभी राहिली. गुंडू आत. दोघंबी जमिनीकडं बघालीत. मी आपली हत्यारं आवरतोय, एकेक पाना तीनतीनदा पुसतोय. शेवटी ती म्हणाली, 'जेवलाय का?'

गुंडू म्हणाला, 'व्हय.' मग म्हणाला, 'न्हाय.'

'चला मग.'

तिथं मला मीटर लावायची गरज वाटली न्हाय.

धोंडुबाईकडनं मला वाटलं, एखादा शब्द येईल. चुकलं जावईबापू, असं कायतरी. तिनं वरनं निरोप धाडला, 'लई जोरात येतंय पाणी, घागर लवंडाली. जरा कमी करा म्हणावं जावयास्नी, तेवढं त्यास्नी जमतंय.' गुंडूनं कमी केलं. आणि इतका खूष, इतका खूष, की मला म्हणाला, 'मामी माझं नाव घेऊन बोलल्या.' नाव कुठं घेतलं होतं? पण जाऊ दे.

ग्रामसभेत ठराव आलाच. पण तो निघाला अभिनंदनाचा. कुणाच्या? सम्राटच्या. वरच्या गल्लीचा पाणीप्रश्न स्वतः लक्ष घालून सोडवल्याबद्दल. मला गुंडूनं फोनवर सांगितलं, आणि सांगताना त्याला त्यात काय वावगं वाटलं न्हाय, कारण टाळ्या त्यानंबी वाजवल्या होत्या. मी म्हटलं, बरं झालं. आपल्याला काय, आपलं काम झालं.

आणि काल सकाळी परत फोन. गुंडू, आवाज अगदी फुललेला.

'मॅडम, तुमचा फोटू लावलाय.'

'कुठं?'

'फ्लेक्सवर. पाणीप्रश्न मिटल्याचा. मधी सम्राटदादा, एका बाजूला मी, एका बाजूला तुमी. क्रांतीनं निवडला फोटू, तुमच्या व्हॉट्सअॅपवरनं काढून. पहिल्यापेक्षा मोठा हाय फ्लेक्स. सगळं गाव बघाय येतंय.'

मी विचारलं, गुंडूभाऊ, खांब कुठं ठोकला?

'चौकातच की. पर काळजी करू नगा, तुमी सांगितलंय ते ध्यानात हाय. केबल चुकवून ठोकलाय, हातभर अलीकडं. आणि फ्लेक्स मोठा म्हणून चांगला खोल घेतलाय.'

मी डोळं मिटलं. हातभर अलीकडं, खोल... म्हटलं, सिग्नल हाय का?

'सिग्नल येकदम झकास हाय मॅडम. पाणीच तेवढं न्हाय. पाइपातनं कारंजं उडालंय चौकात.'

म्हटलं, मग खांब काढा की वो आधी.

तर मला म्हणतोय, 'असं कसं मॅडम? तुमचा फोटू हाय त्याच्यावर.'